लक्ष्मीयात्रेची पट्टी आणि घरातला नास्तिक

पश्चिम_भाग

आमच्या गावात लक्ष्मीयात्रा बसतेय. एकोणीस वर्षांनी. बेळगावच्या पश्चिमेकडची, चंदगड वाटेवरची गावं ज्यांनी बघितलीत त्यांना एवढं वाक्य पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो: वर्षभर आधीपासून घरं रंगवायला काढतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे, मित्र, मित्रांचे मित्र, येईल त्याला जेवण. सूर्योदयाला देवीचं लग्न, अक्षतारोपण, मग रथ, मग देवी गदगेवर, म्हणजे यात्रेत ती बसते त्या जागेवर. त्याआधी वार पाळायचे, म्हणजे ठरलेल्या वारी शेतात कोणी पाऊल टाकायचं नाही.

घरटी पट्टी सात हजार ठरली. मी बेळगावात नोकरीला, गावचं घर वडिलांच्या नावावर. देव मी मानत नाही. कॉलेजपासूनच मानत नाही आणि घरात हे सगळ्यांना माहीत आहे. आजवर कोणी चकार शब्द काढला नाही, कारण गणपतीत मोदक खायला मी पहिला असतो आणि आरती सुरू झाली की बाहेर जाऊन गाडी पुसत बसतो.

यावेळी बैठकीत तोंड उघडलं. म्हटलं, यात्रेच्या खात्यावर मी देणार नाही, शाळेची एक खोली गळतेय, तिच्या पत्र्याला तेवढेच देतो. सगळे गप्प. मग एक म्हातारा बोलला, "मुल्लाच्या घरानं सगळ्यात आधी पट्टी दिलीय बाबा."

आणि ते खरं आहे. आमच्याकडे मुसलमानांची दोन घरं, चार पिढ्यांपासूनची. ते लक्ष्मीची पट्टी देतात, मोहरमला आमची पोरं पंजे उचलतात. एक ख्रिस्ती गुरुजी निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिलेत. त्यांनी सांगितलं, पूजेला मी बसणार नाही, जेवणावळीला तांदूळ देतो. लोकांनी हात जोडले. कोणाला राग नाही.

माझा मात्र आला. रात्री वडील जेवता जेवता म्हणाले, "मुल्लाच्या पोराला त्येचा देव हाय. गुर्जींना त्येंचा हाय. खरं तुला कोण हाय गा?"

ताट सरकवून उठले. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. मी तर त्यांच्याच घरातला, त्यांच्याच हाताखाली वाढलेला. परका देव असलेला माणूस जवळचा आणि देवच नसलेला घरचा पोरगा लांबचा, हे गणित काय आहे? प्रवचन नको, अनुभव लिहा.

सरळसोट

गणित सोपं आहे. सात हजार वाचवायचे होते, तत्त्वज्ञान नंतर सुचलं. (हलके घ्या.)

पश्चिम_भाग

शाळेला तेवढेच देतो म्हटलं होतं की. वाचा जरा.

आकडेमोड

तुमच्या वडिलांचा प्रश्न जगात अनेकांनी अनेक भाषांत विचारलाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. लोकांपुढे वेगवेगळ्या गटांची यादी ठेवली आणि विचारलं, आपल्या देशाबद्दल तुमची जी कल्पना आहे तिच्याशी यातला कोणता गट अजिबात जुळत नाही? सगळ्यात वर नास्तिक, ३९.६ टक्के. मुसलमान २६.३ टक्के. न्यूयॉर्कचे मनोरे पडून जेमतेम काही वर्षं झालेली, तरी हे. आपल्या मुलाने किंवा मुलीने यांच्यातलं लग्न केलं तर नापसंत, यातही नास्तिक ४७.६ आणि मुसलमान ३३.५.

त्याहून मजेशीर प्रयोग २०१७ चा. १३ देश, तीन हजारांवर माणसं, भारतही त्यात होता. एक गोष्ट सांगायची: एक माणूस लहानपणी प्राण्यांचे हाल करायचा, मोठेपणी बेघर माणसांना मारून पुरू लागला. आता सांगा, तो शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि नास्तिक असण्याची? हिशेबाने नुसता शिक्षक हेच उत्तर बरोबर, कारण दोन गोष्टी एकत्र असण्याची शक्यता एकटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पण 'आणि नास्तिक' हा पर्याय दिला की चुकणारे ५८ टक्के. त्या जागी 'आणि श्रद्धाळू' ठेवलं की ३० टक्के. म्हणजे खुनी म्हटलं की मनात पटकन नास्तिक येतो. गंमत अशी की स्वतः नास्तिक असलेलेही यात चुकले.

संशोधकांचा अंदाज असा: देव म्हणजे वरून बघणारा. ज्याच्यावर नजर नाही तो काय करेल याचा भरवसा नाही. दुसऱ्याचा देव वेगळा असला तरी तो कोणाला तरी भितो हे समाधान असतं. "तुला कोण हाय" याचा अर्थ, तुझ्यावर नजर ठेवायला कोण आहे.

दूधगंगाकाठ

आकडेमोड, अमेरिकेत बसेल हे. आमच्याकडे गोंधळ होतो. मी निपाणीकडचा, जैन. आमचं भोज गाव आचार्य शांतिसागर महाराजांमुळे तुम्ही ऐकलं असेल. आमच्या धर्मात जग कोणी निर्माण केलं नाही, वर बसून हिशेब ठेवणारा कोणी नाही. कर्म आपलं, फळ आपलं. जुन्या शास्त्रकारांच्या लेखी तर आम्ही शिक्क्यासह नास्तिक, कारण मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक असं म्हटलंय. उलट मीमांसक जगाचा कर्ता मानत नाहीत, पण वेद मानतात, म्हणून ते आस्तिक. देव आहे की नाही याच्याशी त्या शब्दाचा संबंध नव्हताच.

मग मला गावात कोणी नास्तिक का म्हणत नाही? कारण मी बस्तीला, म्हणजे आमच्या देवळात जातो, पर्युषणात उपास करतो, मुनी आले की घरापुढे पाणी शिंपडून रांगोळी घालतो, आणि गावच्या यात्रेला पट्टी देतो. माझ्या डोक्यात निर्माता आहे की नाही हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा पश्चिम_भाग, तुमच्या वडिलांना तुमच्या देव न मानण्याचं काही नाही. तुम्ही गाडी पुसत होता तोवर चाललंच होतं की. पट्टीला नाही म्हटलंत तिथे बिनसलं.

गोकाकचा_करदंट

दूधगंगाकाठ यांना +१. आमचं घर लिंगायत, आई कानडी, शिक्षण मराठीत. बसवण्णांनी देवळातला देव नाकारला, इष्टलिंग गळ्यात, देऊळ कशाला, असं आजोबा सांगायचे. २०१८ साली राज्य सरकारने लिंगायतांना वेगळा धर्म मानावं अशी शिफारस केंद्राकडे केली तेव्हा आमच्या घरात दोन काका दोन बाजूंना, सहा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला मात्र दोघे एकाच ट्रॅक्टरमधून गेले, एकाच भंडाऱ्याने पिवळे होऊन आले.

माळकरीण

मी श्रद्धाळू बाजूने लिहिते, राग मानू नका. माझ्या गळ्यात माळ आहे, दरवर्षी आषाढीला पंढरपूर.

माझे मिस्टर गेले तेव्हा थोरल्या दिरांनी बाराव्याला बसायला नकार दिला. मोठे वाचणारे, भाषणं करणारे. "मी हे मानत नाही." ठीक. नाही मानत तर नका मानू. पण सासूबाई त्या दिवशी दाराशी बसून राहिल्या. एक मुलगा गेला आणि दुसरा आहे पण बसत नाही. त्यांना पिंडाचं काय कळत होतं हो? त्यांना पाटावर पोरगा हवा होता. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या पुतण्याने केलं.

मुसलमान शेजारी त्या तेराही दिवस सकाळी चहाची किटली घेऊन येत होते. त्यांना आमचे विधी मान्य आहेत असं थोडंच आहे? त्यांनी कधी तोंडावर सांगितलं नाही की तुमचं हे सगळं थोतांड आहे. थोरल्या दिरांनी सांगितलं, सुतकात, भरल्या घरात.

मला नास्तिकाचा राग येत नाही. माझ्या श्रद्धेला तो अडाणीपणा म्हणतो त्याचा येतो. दुसऱ्या धर्माचा माणूस मला चुकलेली मानत असेलही, पण मूर्ख मानत नाही. दादा, तुम्ही बैठकीत शाळेच्या पत्र्याचं म्हणालात ना, ते ऐकणाऱ्याला कसं लागलं असेल बघा: तुम्ही वाया घालवता, मी चांगल्या कामाला देतो.

पश्चिम_भाग

हे मनात आलं नव्हतं. म्हणजे, मला खरंच तसं म्हणायचं होतं बहुतेक. लागलं ते बरोबरच लागलं.

अत्तरदाणी

सगळे मुल्लाच्या घराचं कौतुक करताहेत म्हणून लिहिते. मी बेळगावचीच, घरी उर्दू, शाळा मराठी.

सगळ्यात आधी पट्टी कोण देतं? ज्याला उशीर करणं परवडत नाही तो. पश्चिम_भाग, तुम्ही नाही म्हटलंत, वडील ताटावरून उठले, उद्या परत एकाच ताटात बसाल. त्या घराने नाही म्हटलं असतं तर? तो म्हातारा काय बोलला असता, याचा विचार केलात?

आमच्याकडे ईदला शिरखुर्मा प्यायला अर्धी गल्ली असते. त्याच गल्लीच्या मागे भाड्याने घर बघायला गेलो तर नाव ऐकल्यावर "परवाच दिलं हो" असं तीन ठिकाणी. तिन्ही घरं दोन महिन्यांनी रिकामीच होती. बोलताना कोणी वाकडं बोललं नाही, उलट एका काकूंनी पाणी दिलं, गूळ दिला.

आकडेमोड यांनी आकडे काढलेच आहेत तर २०२१ ची प्यू संस्थेची भारताची पाहणी पण काढा. ३० हजार माणसं. सगळ्या धर्मांचा आदर करणं खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं, असं म्हणणारे ८४ टक्के. त्याच पाहणीत शेजारी मुसलमान नको म्हणणारे हिंदू ३६ टक्के. आणि दूधगंगाकाठ, जैन ५४ टक्के. तुम्हाला टोमणा नाही, कागदावर आहे ते सांगितलं.

आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. आपल्या मुलींनी धर्माबाहेर लग्न करू नये हे फार महत्त्वाचं, असं म्हणणारे हिंदू ६७ आणि मुसलमान ८०. देव न मानणारा मुसलमान असूच शकत नाही, असं म्हणणारे मुसलमान ६० टक्के. हिंदूंमध्ये हाच प्रश्न जवळपास निम्म्यावर येतो. माझे एक मामू आहेत. काही मानत नाहीत. त्यांना तुमच्यासारखा धागा काढता येणार नाही. जुम्म्याला जातात, मागच्या रांगेत उभे राहतात, येताना भाजी आणतात. हे मला माहीत आहे आणि मामींना माहीत आहे, संपलं.

दूधगंगाकाठ

आकडा नाकारत नाही. आमच्याकडे त्याला खाण्यापिण्याचं कारण देतात, शेजारी मांस शिजलं की वास येतो वगैरे. पण यात्रेत अख्खं गाव मटण शिजवतं, तेव्हा आम्ही गाव सोडून जात नाही. तेव्हा ते कारण पूर्ण खरं नसावं.

सरळसोट

या धाग्यावर पहिल्यांदा कोणी स्वतःवर घेतलं. नोंद घ्यावी.

कॅम्पवाला

ख्रिस्ती गुरुजींचा उल्लेख आला म्हणून. कॅथलिक, घरी कोंकणी, राहणार कॅम्प. आमच्या आजीच्या काळात प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात पाय ठेवला तरी पाद्र्याजवळ कबुली द्यायला लागायची, हिंदूचं देऊळ तर सोडाच. दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५, त्यात इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं ठरलं, तेव्हापासून हवा बदलली. त्याच परिषदेने नास्तिकांबद्दलही एक गोष्ट म्हटलीय जी आमच्या लोकांना फारशी आवडत नाही: माणसं नास्तिक होतात त्यात श्रद्धावानांच्या वागण्याचाही वाटा असतो. आमच्या फादरनी एकदा हे रविवारी सांगितलं. मिस्सा सुटल्यावर बाहेर दोन काका एकमेकांना विचारत होते, "हे तुला बोलले की मला?"

खानापुरी

सगळं गोडगोड चाललंय म्हणून आठवण करून देतो. आपण कोल्हापूर आणि धारवाडच्या मध्ये राहतो. पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. ३० ऑगस्टला कलबुर्गी, धारवाडात, घराच्या दारात. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात दाभोलकर. त्या वर्षी मी कॉलेजात होतो, विवेकवादी मंडळाचं पत्रक वाटायचो. वडिलांनी पत्रकांचा गठ्ठा चुलीत घातला. ते देवभोळे म्हणून नव्हे, घाबरले म्हणून. नास्तिकाला ताटावरून उठणारे वडील मिळणं हे नशीबच म्हणायचं.

शहापूरचा_म्हातारा

खानापुरी, दुःख खरं आहे, पण या तिघांना नास्तिकांच्या एका पोत्यात घालू नका. कलबुर्गी वचनसाहित्याचे संशोधक, आयुष्य बसवण्णांच्या वचनांत गेलं. दाभोलकर कायम सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला आणि धर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. मारणाऱ्याला हा फरक बघायचा नसतो, आपण तरी बघू.

आता मूळ प्रश्नावर. आपल्याच गावची एक जुनी गोष्ट. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात होते, शिकागोच्या आदल्या वर्षी. भाटे वकिलांकडे उतरले होते. भाट्यांच्या मुलाने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात गावातल्या एका एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरचं वर्णन आहे. गावातला सगळ्यात जाणकार माणूस. रोजचं वागणं पूर्ण सोवळं, सनातनी. आणि मनातून पक्का संशयवादी. धर्माला चालत आलेली रीत यापलीकडे आधार नाही असं जवळजवळ त्याचं मत. स्वामींशी वाद घालताना हार दिसू लागली तसा चिडायचा, उद्धट बोलायचा. भाट्यांना संकोच व्हायचा, स्वामी हसून सोडून द्यायचे.

मला त्यातलं हसणं महत्त्वाचं वाटत नाही. तो इंजिनिअर वाटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हा माणूस बेळगावात होता, आणि आजही आहे, प्रत्येक गल्लीत. मीसुद्धा. सत्तरी ओलांडली, रोज सकाळी कपिलेश्वराला जातो, तिथे कोणी आहे असं मला तीसेक वर्षांत वाटलेलं नाही. बायकोबरोबर जायचो. ती गेली, पाय अजून जातात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात नास्तिक अशी नोंद झालेले ३३ हजारांच्या आसपास निघाले. मला विचारलं असतं तर मी हिंदूच सांगितलं असतं.

माळकरीण

काका, तुम्ही रोज जाता आणि वाटत नाही म्हणता. मी रोज जाते आणि कधीकधी वाटत नाही. फार लांब नाही आपण.

आकडेमोड

अवांतर: मतदानाचं काय? अमेरिकेत गॅलप या पाहणी संस्थेने २०१९ मध्ये विचारलं, तुमच्या पक्षाने लायक पण नास्तिक उमेदवार दिला तर मत द्याल का, ६० टक्के हो म्हणाले. म्हणजे दहातले चार अडले.

सरळसोट

त्यांना यमकनमर्डीला पाठवा. तिथले आमदार सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात कार्यक्रम घेतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, भुताखेतांची भीती जावी म्हणून. २००८ पासून यमकनमर्डीतून निवडून येताहेत. मत देणारे घरी लिंबू-मिरची बांधून मतदानाला येतात, त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. आणि आपल्या सीमाभागात देव कुठला हे नंतर. पाटी मराठीत की कानडीत, हे आधी विचारतात.

अत्तरदाणी

शेवटच्या वाक्याला दाद. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत माझ्या भावाला कोणी नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी घर बघायला गेलो तेव्हा विचारलं.

पश्चिम_भाग

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.

अत्तरदाणी, तुमचं वाचून मुल्लांच्या घरी गेलो. लहानपणापासून जातो, पण हे कधी विचारलं नव्हतं. चाचा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मागच्या यात्रेला आमच्या आईनं मागून, हट्टानं दिली होती पट्टी. तेव्हा मनापासून होती. आता मनापासून आहे का ते बघायला टाइम नाही, पोरगा म्हणतो पहिले देऊन टाका." याच्यावर मी काय बोलणार?

मी पट्टी दिली. देव पटला म्हणून नाही, आणि हरलो म्हणूनही नाही. माळकरीणताईंचं ते पाटावरच्या पोराचं डोक्यातून जाईना. शाळेच्या पत्र्याचे वेगळे दिले, बैठकीत न सांगता. वडिलांनी पावती बघितली, घडी करून टोपीत ठेवली, बोलले काही नाहीत. वार पाळायचं मात्र मी मानलं नाही, मंगळवारी काजूच्या बागेत गेलो. ते त्यांना कळलंय. तेही बोलले नाहीत.

कमिटीने कामं वाटली. देवीच्या जवळची कामं हक्कदारांकडे. मला, चाचांच्या पोराला आणि गुरुजींच्या जावयाला गाड्यांच्या पार्किंगवर घातलंय, गावाबाहेरच्या माळावर. मुद्दाम केलं की आपसूक झालं, माहीत नाही. चाचांचा पोरगा म्हणतो बरंच झालं, तिथे डॉल्बीचा आवाज कमी येईल.

जेवण मंगळवारी आणि शुक्रवारी. धाग्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण. दूधगंगाकाठ, तुमचं वेगळ्या चुलीवर, आईने स्वतः सांगितलंय.

दूधगंगाकाठ

येतो. सूर्यास्ताच्या आत वाढा म्हणावं.

सरळसोट

पार्किंगला पैसे आहेत का?